जंगलाचे गणित महासंगणकावर

पावसाळा सरल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी डोंबिवलीच्या भोपर टेकडीवरून आग्नेयेकडे पाहिले, की मलंगगडापासून चंदेरीकडे गेलेली माथेरानची डोंगररांग स्पष्ट दिसते. पश्चिमेला उल्हासची खाडी आणि तिच्या काठची खारफुटी. या दोहोंच्या मधोमध २०११च्या जनगणनेनुसार बारा लाखांहून अधिक लोकवस्तीचे कल्याण-डोंबिवली शहर पसरलेले आहे. डोंगराच्या पायथ्याशी जंगलाची कड नेमकी कुठे होती, ती किती वर सरकली आणि आणखी वीस वर्षांनी ती कुठे असेल, असे तीन प्रश्न हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात सहज येतात. पहिल्या दोहोंची उत्तरे उपग्रहाच्या प्रतिमांमधून काढता येतात. तिसऱ्याचे उत्तर मॉडेलवाचून मिळत नाही. या तिन्ही कामांना मिळून संगणनाची जी ताकद लागते, ती साध्या टेबलावरच्या संगणकात मावणारी नाही. हवामानाचा अंदाज, अणुविज्ञान आणि औषधसंशोधन यांच्या जोडीला वनांतील बदलांचा अभ्यासही महासंगणकांच्या दारी येऊन बसला, त्याचे कारण हेच.

या कामाचा आवाका समजण्यासाठी ठाणे जिल्ह्याचेच उदाहरण घेता येईल. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,२१४ चौरस किलोमीटर आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेतील एक बिंदू म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद तुकडा. या हिशेबाने ठाणे जिल्ह्याचे सुमारे ४७ लाख बिंदू होतात. उपग्रह दर सोळा दिवसांनी त्याच जागेवरून जातो, म्हणजे वर्षाला बावीस खेपा झाल्या. प्रत्येक खेपेस प्रत्येक बिंदूची निळ्या, हिरव्या, तांबड्या आणि अवरक्त अशा निदान सहा पट्ट्यांत नोंद होते. एका जिल्ह्याच्या एका वर्षाच्या नोंदी अशा साठ कोटींच्या पुढे जातात. ३० मीटरच्या प्रतिमा १९८२पासून उपलब्ध आहेत. एवढ्या वर्षांचा सबंध महाराष्ट्राचा हिशेब मांडायचा, तर आकडे वाचायलाही दमछाक होईल.

त्यात कोकणपट्टीची अडचण वेगळीच आहे. जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे उपग्रहाला जमीन दिसत नाही. ऑक्टोबरात आकाश मोकळे होते तेव्हा गवत, भातखाचरे आणि झाडोरा सारेच हिरवे असते, त्यामुळे कोणती हिरवाई जंगलाची आणि कोणती बांधावरच्या गवताची, हे ओळखणे कठीण जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळते, पण तोवर साग, ऐन, पळस यांची पानेही गळतात. ठाणे जिल्ह्यातील बरेचसे जंगल पानझडी असल्याने उन्हाळ्याच्या प्रतिमेत भरगच्च रानही उजाड भासू शकते. म्हणून एकाच तारखेची प्रतिमा पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. प्रत्येक बिंदूची वर्षभराची चढउतार पाहिली, तर जंगल आणि गवत यांच्या वागण्यातील फरक लक्षात येतो. ही वर्षभराची चढउतार पाहण्याच्या हट्टानेच संगणनाचा खर्च एकदम वाढतो.

हा हट्ट जगाच्या पातळीवर पहिल्यांदा पुरा झाला २०१३ साली. मेरिलँड विद्यापीठाचे मॅथ्यू हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१२ या काळातील जगभरच्या वृक्षाच्छादनाचा ३० मीटरच्या बारकाव्याचा नकाशा ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यासाठी लँडसॅट-७च्या साडेसहा लाखांहून अधिक प्रतिमा वापरण्यात आल्या. एका संगणकाला पंधरा वर्षे लागली असती असे हे काम गुगलच्या दहा हजार संगणकांवर वाटून काही दिवसांत उरकण्यात आले. त्या बारा वर्षांत जगाने सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गमावले आणि ८ लाख चौरस किलोमीटर नव्याने मिळवले, असा त्याचा निष्कर्ष होता. यामागे एक निर्णय होता, त्याची आठवण क्वचितच काढली जाते. अमेरिकेने २००८ साली लँडसॅटच्या प्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या नसत्या, तर दहा हजार संगणक असूनही हे घडले नसते.

भारतातील मोजणी

आपल्याकडे वनांची अधिकृत मोजणी डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था करते. १९८१मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा पहिला अहवाल १९८७ साली आला. त्या वेळी ८० मीटर बारकाव्याच्या प्रतिमांचे छापील कागद तज्ज्ञ डोळ्यांनी पाहत आणि दहा लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावर जंगलाच्या सीमा काढत. त्या नकाशावर ४०० हेक्टरपेक्षा लहान रान दाखवताच येत नसे. डोंबिवलीच्या आसपासच्या एखाद्या टेकडीवरची झाडी त्यात उमटण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे प्रमाण अडीच लाखांस एक झाले. २००१च्या अहवालापासून सबंध देशाचे विश्लेषण संगणकावर, पन्नास हजारांस एक या प्रमाणात होऊ लागले आणि एक हेक्टरपर्यंतचा तुकडा टिपता येऊ लागला. यासाठी भारतीय दूरसंवेदन उपग्रहाच्या २३.५ मीटर बारकाव्याच्या प्रतिमा वापरल्या जातात.

दोन अहवालांमध्ये वनक्षेत्र ‘वाढले’ असे वाचताना ही पार्श्वभूमी ठाऊक असणे आवश्यक आहे. चष्म्याचा नंबर बदलल्यावर जास्त दिसू लागते, म्हणून वस्तू वाढल्या असे होत नाही. याहून महत्त्वाचा प्रश्न व्याख्येचा आहे. या मोजणीत एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असेल, तर ती जमीन वनाच्छादित धरली जाते. ती जमीन कोणाच्या मालकीची आहे आणि झाडे कोणती आहेत, हे पाहिले जात नाही. त्यामुळे डहाणूची चिकूची वाडी, आंब्याची बाग आणि तानसा अभयारण्यातील रान ही तिन्ही एकाच बेरजेत येऊ शकतात. सत्तर टक्क्यांहून अधिक छत्राचे अतिदाट, चाळीस ते सत्तरचे मध्यम दाट आणि त्याखालचे विरळ असे वर्ग आहेत हे खरे. तथापि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत एकूण बेरीजच येते. महाराष्ट्राचे वनाच्छादन २०१९च्या अहवालात ५०,७७८ चौरस किलोमीटर होते, ते २०२१च्या अहवालात ५०,७९८ झाले. वीस चौरस किलोमीटरची ही वाढ निव्वळ आहे. एकीकडे किती तुटले आणि दुसरीकडे किती रुजले, हे त्या एका आकड्यात दिसत नाही.

ठाणे जिल्ह्यात आणखी एक गोष्ट नकाशा करणाऱ्याला चकवते. येथील शेतकरी, विशेषतः आदिवासी शेतकरी, भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या उन्हाळ्यापूर्वी छाटल्या जातात. झाड जिवंत राहते, पावसात पुन्हा फुटते. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला मात्र छाटलेल्या झाडांचे रान विरळ झालेले दिसते. यंत्राला ‘हे जंगल तुटले’ आणि ‘हे जंगल छाटले’ यांतला भेद शिकवायचा असेल, तर त्याला अनेक वर्षांचा क्रम दाखवावा लागतो आणि कोणीतरी जमिनीवर जाऊन झाडाखाली उभे राहावे लागते. महासंगणक यांपैकी पहिलेच काम करू शकतो.

मॉडेल कशी चालतात

बदलाची नोंद करणे आणि बदलाचे भाकीत करणे या भिन्न गोष्टी होत. भाकितासाठी वापरल्या जाणाऱ्या मॉडेलचे ढोबळमानाने तीन घराणे आहेत.

सर्वांत जुने घराणे एकेका झाडाचा हिशेब ठेवते. १९७२मध्ये अमेरिकेत डॅनियल बॉटकिन या परिस्थितीशास्त्रज्ञाने आयबीएम कंपनीच्या जेम्स जनाक आणि जेम्स वॉलिस यांच्या साह्याने ‘जाबोवा’ हे मॉडेल तयार केले. नाव आफ्रिकी वाटले तरी ते तिघांच्या आडनावांच्या पहिल्या अक्षरांचे कडबोळे आहे. यात दहा मीटर लांब-रुंद जागेतील प्रत्येक झाड दरवर्षी किती वाढेल, शेजाऱ्याच्या सावलीत किती खुरटेल आणि केव्हा मरेल, याची गणना होते. मरण आणि नवे रोप रुजणे या गोष्टी दैवाधीन असल्याने संगणक जणू फासे टाकतो, आणि एकाच जागेचा खेळ शंभरदा खेळून सरासरी काढतो. ठाणे जिल्हा अशा तुकड्यांत विभागला, तर ते चार कोटींहून अधिक होतील. त्यातील जंगलाचेच तुकडे घेतले, तरी हा हिशेब साध्या यंत्राच्या आवाक्याबाहेर जातो.

दुसरे घराणे झाड पाहत नाही, जमिनीचा उपयोग पाहते. दोन जुन्या नकाशांची तुलना करून जंगलाच्या शंभर बिंदूंपैकी किती बिंदू झुडपांत, किती शेतात आणि किती इमारतींत गेले याचे कोष्टक बनवायचे आणि तेच कोष्टक पुढील काळाला लावायचे, ही मार्कोव्ह साखळीची पद्धत. पण किती बदलेल हे कळले तरी कुठे बदलेल हे यातून कळत नाही. त्यासाठी नकाशाच्या प्रत्येक चौकटीला शेजारच्या चौकटींकडे पाहून आपले रूप बदलण्याचे नियम दिले जातात. आजूबाजूला घरे झाली, रस्ता जवळ आला आणि चढ फार नसला, तर ही चौकटही घरांची होण्याचा संभव वाढतो. मुंबई महानगराच्या कडेला राहणाऱ्याला हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही.

या पद्धतीचे ‘स्ल्यूथ’ नावाचे मॉडेल कॅलिफोर्नियातील कीथ क्लार्क यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरासाठी १९९०च्या दशकात विकसित केले. पुणे महानगर क्षेत्राच्या वाढीसाठी ते वापरून केलेला अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. यात वाढीचे वर्तन पाच गुणांकांनी ठरते, आणि प्रत्येक गुणांकाचे मूल्य शून्य ते शंभर यांपैकी काहीही असू शकते. जुन्या नकाशांशी सर्वांत जुळणारी पाच मूल्ये शोधायची म्हणजे सगळ्या जोडण्या तपासायच्या झाल्या, तर त्या १,०५१ कोटींच्या घरात जातात. एक जोडणी तपासायला एक सेकंद धरला, तर एका संगणकाला ३३३ वर्षे लागतील. म्हणूनच या मॉडेलची ‘क्रे’ महासंगणकावर चालणारी आवृत्ती करावी लागली, आणि आधी मोठ्या टप्प्यांनी, मग बारीक टप्प्यांनी शोध घेण्याची युक्तीही. शोध असा आखडता घेतला, की खरे सर्वोत्तम उत्तर निसटून जाण्याची शक्यता असते. पैसा आणि वेळ यांच्या मर्यादेत केलेली ही तडजोड आहे, एवढे अहवाल वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तिसरे घराणे हवामानाला जोडलेल्या वनस्पती-मॉडेलचे. त्याकडे वळण्यापूर्वी महासंगणक हे सारे कसे पेलतो, ते थोडक्यात पाहू. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक नाकारला. त्यातून १९८८मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, उभे राहिले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच अतिवेगवान यंत्र बनवण्याऐवजी अनेक साधे प्रक्रियक एकत्र जुंपायचे, हे त्याचे तत्त्व होते. जंगलाच्या नकाशाला हे तत्त्व चपखल लागू पडते. नकाशाचे तुकडे करून प्रत्येक प्रक्रियकाला एकेक द्यायचा. मात्र तुकड्याच्या कडेवरच्या चौकटीला शेजारच्या तुकड्यात काय चालले आहे हे कळावे लागते, म्हणून दर फेरीनंतर सर्व प्रक्रियकांनी आपल्या कडांची माहिती एकमेकांना द्यायची. प्रक्रियक वाढवले की गणना जलद होते, पण हे बोलणेही वाढते. एका मर्यादेनंतर कामापेक्षा निरोपांतच वेळ जातो. वणव्याचे मॉडेल यात विशेष त्रासदायक असते, कारण आग एका तुकड्यात पेटलेली असताना बाकीचे शेकडो प्रक्रियक हात बांधून बसतात.

पुण्याची यंत्रे, पवईचे संशोधन

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत मोलाचे काम पुणे आणि पवई येथे झाले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘आदित्य’, त्यानंतर जानेवारी २०१८मध्ये ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्युष’ आणि सप्टेंबर २०२४मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ असे महासंगणक येत गेले. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. याच संस्थेने पृथ्वीप्रणालीचे भारतीय मॉडेल विकसित केले आणि त्याचे निष्कर्ष हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालासाठीच्या जागतिक प्रकल्पात समाविष्ट झाले. भारताचे स्वतःचे मॉडेल त्या प्रकल्पात प्रथमच होते.

जंगल हवामानावर अवलंबून असते, हे शाळेत शिकवले जाते. हवामान जंगलावर किती अवलंबून असते, हे मात्र प्रयोग करून पाहता येत नाही. सह्याद्रीवरचे रान तोडून पाऊस किती घटतो ते पाहू, असे कोणी म्हणू शकत नाही. संगणकात तसे करता येते, आणि पवईच्या आयआयटीतील प्रा. सुबिमल घोष यांच्या गटाने ते केले. २०१६मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हवामानाचे तेच मॉडेल दोनदा चालवण्यात आले. एकदा जमिनीवर १९८७चा वनस्पती-नकाशा होता, दुसऱ्यांदा २००५चा. मधल्या काळात झाडोऱ्याची जागा शेतीने घेतली होती. झाडांची मुळे खोल असतात, ती पाणी वर ओढून हवेत सोडतात. पिकांना ते तितके जमत नाही. परिणामी गंगेचे खोरे आणि ईशान्य भारत येथे जमिनीतून उडून पुन्हा पावसाच्या रूपाने पडणारे पाणी घटले आणि मॉडेलमधील मोसमी पाऊस दुबळा झाला. २०१८मध्ये याच गटाने पश्चिम घाटाकडे लक्ष वळवले. घाटातील दाट वने हवेत जे बाष्प सोडतात, त्याचा तमिळनाडूवरील नैर्ऋत्य मोसमी पावसातील वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असे त्यात आढळले. पाण्यावरून भांडणाऱ्या राज्यांच्या वादात धरणांची नावे येतात. शेजारच्या राज्यातील रानाचे नाव अद्याप कोणी घेतलेले नाही.

अशा आकड्यांवर किती विसंबावे? याचे उत्तर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एन. एच. रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांच्या दोन अभ्यासांत आहे. २००६मध्ये त्यांनी ‘बायोम-४’ या मॉडेलच्या आधारे असे अनुमान काढले, की शतकाअखेरीच्या सुमारास हवामानबदलाच्या दोन शक्यतांनुसार देशातील ७७ किंवा ६८ टक्के वनचौकटींत जंगलाचा प्रकार बदलेल. २०११मध्ये ‘आयबिस’ हे अधिक प्रगत मॉडेल वापरल्यावर हेच प्रमाण ३९ आणि ३४ टक्के आले. देश तोच, हवामानाच्या शक्यता त्याच. मॉडेल बदलताच उत्तर निम्मे झाले. दुसऱ्या मॉडेलमध्ये हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा वनस्पतींवरील परिणाम आणि काळानुसार होणारा बदल वेगळ्या रीतीने हाताळला गेला होता. दोन्ही आकडे शास्त्रीय नियतकालिकांत तपासणीनंतरच छापले गेले आहेत. यांपैकी एकच आकडा हाती घेऊन भाषण ठोकणाऱ्यांनी दुसराही पाहायला हवा.

जमीनवापराच्या मॉडेलची स्थिती याहून नाजूक आहे. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाचे गिल पाँटियस आणि अनेक देशांतील संशोधकांनी २००८मध्ये तेरा ठिकाणच्या भाकितांची प्रत्यक्षाशी तुलना प्रसिद्ध केली. तेरांपैकी बारा नकाशांत अचूक सांगितलेल्या बदलापेक्षा चुकांचे क्षेत्र अधिक होते. जमिनीचा मोठा भाग कोणत्याही दशकात बदलतच नसतो. त्यामुळे ‘काहीच बदलणार नाही’ असे सांगणारा नकाशाही नव्वद टक्के बरोबर ठरतो, आणि याच युक्तीने पुष्कळ मॉडेल आपली अचूकता मोठी करून दाखवतात.

चौकट किती मोठी?

हवामानाच्या मॉडेलची एक मर्यादा ठाणे जिल्ह्यातील वाचकाला सहज कळेल. २००६च्या अभ्यासासाठी वापरलेल्या प्रादेशिक हवामान मॉडेलची चौकट सुमारे ५० किलोमीटर लांब-रुंद होती. एवढ्या चौकटीत डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, मलंगगड, बारवी धरण आणि माथेरान एकत्र सामावतात, आणि त्या सर्वांचा पाऊस व तापमान एकच मानले जाते. प्रत्यक्षात खाडीकाठचा पाऊस आणि घाटमाथ्याचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मग चौकट लहान का करत नाहीत? ती निम्मी केली की तेवढ्याच जागेत चौपट चौकटी होतात, आणि गणित बिघडू नये म्हणून काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात. काम आठपट होते. ५० किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर यायचे, तर ते पाचशेपटींहून अधिक होते. मे २०२५मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ची चौकट सहा किलोमीटरची आहे, आणि त्यासाठी ‘अर्क’ची गरज का पडली हे या हिशेबावरून ध्यानात येते. मात्र ती व्यवस्था काही दिवसांच्या अंदाजासाठी आहे. शंभर वर्षांचे जंगल त्या बारकाव्याने चालवणे अतिशय खर्चिक आहे.

याउलट पुराच्या मॉडेलला लहान खोरे पुरते, आणि कल्याण-डोंबिवलीचा खरा संबंध येथे येतो. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी बदलापूर, कल्याण, डोंबिवलीवरून वसईच्या खाडीकडे जाते. २६ जुलै २००५चा पूर या पट्ट्यातील लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले. डोंगरावरचे रान गेल्याने पूर वाढतो, असे सर्रास म्हटले जाते. जलविज्ञानात प्रचलित असलेल्या सूत्रात जमिनीला शंभरपर्यंतचा एक अंक दिला जातो. फरसबंद जमिनीला ९८, तर मध्यम-भारी मातीवरील चांगल्या जंगलाला ७०च्या आसपास. शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर या सूत्राप्रमाणे जंगलातून सुमारे ३३ मिलिमीटर पाणी वाहून जाते आणि फरसबंद जमिनीवरून ९४. फरक जवळजवळ तिपटीचा आहे. परंतु पाऊस ५०० मिलिमीटर झाला, तर जंगलातूनही सुमारे ३९० मिलिमीटर वाहते आणि फरसबंदीवरून ४९४. माती एकदा तुडुंब भरली, की रानाचाही इलाज चालत नाही. नेहमीच्या मोठ्या पावसात जंगल पूर अडवते, २००५सारख्या पावसात त्याची मदत तोकडी पडते, असाच याचा अर्थ होतो. जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे मान्य केल्याने त्यांची बाजू दुबळी होत नाही. उन्हाळ्यात नदीला पाणी कोण पुरवते, हा प्रश्न उरतोच.

आणि पाण्यासाठीच जंगल जाण्याची वेळही याच जिल्ह्यात येते. औद्योगिक वसाहतींसाठी बांधलेल्या बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवताना पाण्याखालचे क्षेत्र वाढले. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाच्या योजनेत सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन बुडीताखाली येते, आणि २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याचे काम थांबले. शेजाऱ्याकडे पाहून रूप बदलणाऱ्या चौकटींच्या मॉडेलला अशी गोष्ट कळत नाही. जंगल कडेने कुरतडले जाते, असे ते गृहीत धरते. मधोमध एकदम हजार हेक्टर नाहीसे करणारा शासननिर्णय त्याच्या नियमांत नसतो, आणि तो थांबवणारा न्यायालयाचा आदेशही नसतो. पुलांचेही तसेच. मोठागाव-माणकोली पूल २०२४मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि डोंबिवलीहून ठाण्याकडे जाण्याचा रस्ता एकाएकी आखूड झाला. २०२०पर्यंतच्या नकाशांवर शिकलेल्या मॉडेलसाठी खाडी ही वाढीची सीमाच आहे. खाडीकाठची खारफुटी त्याला सुरक्षित वाटेल. तिची पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद आहे, की ३० मीटरच्या बिंदूत अर्धे पाणी आणि अर्धी झाडे येतात आणि ती मुळात नकाशावर धड उमटतही नाही.

बारकाव्याची ही अडचण आता कमी होऊ लागली आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा बिंदू दहा मीटरचा आहे आणि ते पाच दिवसांनी परत येतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ उपग्रह रडारच्या लहरी वापरतो. त्यांना ढगांचा अडथळा होत नाही आणि रात्रही चालते. सह्याद्रीतील जंगल ऐन पावसाळ्यात, दर बारा दिवसांनी, नियमितपणे पाहण्याची सोय त्यामुळे झाली आहे. त्याच्या लांब लहरी पानांच्या छत्रातून आत शिरून खोड आणि फांद्यांपर्यंत पोचतात, म्हणून हिरवाई किती याऐवजी लाकूडफाटा किती, हे अजमावता येते. चिकूची वाडी आणि सागाचे रान यांतील भेद ओळखायला याचा उपयोग होईल. त्याची किंमतही तशीच आहे. हा उपग्रह दिवसाला सुमारे ऐंशी टेराबाइट माहिती निर्माण करील, असा अंदाज त्याची आखणी करताना बांधलेला होता.

विशेष म्हणजे ही माहिती चाळण्यासाठी संशोधकाने महासंगणकाशेजारी बसण्याची गरज उरलेली नाही. गुगलची ‘अर्थ इंजिन’ ही सेवा शिक्षण आणि संशोधनासाठी विनामूल्य आहे. डोंबिवलीतील महाविद्यालयाचा विद्यार्थी घरच्या संगणकावरून काही ओळींचा आदेश लिहून मलंगगडाच्या उताराचा १९८८पासूनचा इतिहास दूरच्या यंत्रांकडून काढून घेऊ शकतो. त्याने तो काढला, तर त्याला एक काम पायी करावे लागेल. नकाशात जेथे रान विरळ झालेले दिसते, तेथे जाऊन ते तोडले आहे, जळले आहे की राबासाठी छाटले आहे, हे पावसाळ्यापूर्वी पाहून यावे लागेल.